माझ्या खोलीतली खुडूक

१० जानेवारी १९५४, रविवार

वसंताने आज कोंबडी आणली. काखेत मारून, गल्लीभर मिरवत. सरळ माझ्या खोलीत शिरला आणि कोटाच्या खुंटीखाली, जिथे माझे बूट असतात, तिथे डालगं मांडलं. बूट ओसरीवर काढले. म्हणे कोपरा अंधाराचा आहे, वर्दळ नाही, खुडूक कोंबडीला असंच लागतं. मी म्हटलं, मलाही असंच लागतं. हसला. माझ्या रागाचं याला हसू येतं, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

कोंबडी त्याची नाही. गल्लीच्या टोकाला धुरपतबाई राहते, भाजी विकते, तिची. अंडी याने कुठून तरी विलायती जातीची पैदा केली, भुशात घालून आणली, नऊ. निघतील त्यातली अर्धी पिल्लं तिची, अर्धी याची. खोली माझी. खोलीचा वाटा कोणी काढला नाही.

सौ.ला विचारलं, हे किती दिवस चालणार? "तीन आठवडे. एवढं काय त्यात?"

तिचा हा भाऊ दिवाळीला चार दिवसांसाठी आला होता. उद्या संक्रांतीचे तीळ निवडायला घेतील.

११ जाने.

रात्रभर डालग्यातून घुर्रऽ घुर्रऽ. कूस बदलली की घुर्रऽ. स्वतःच्या खोलीत कूस बदलायची चोरी.

धुरपतबाईने अंड्यांत एक लोखंडी खिळा खोचून ठेवला आहे. वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. ऐन थंडीत धुळ्याला वीज कडाडणार.

१२ जाने.

सकाळी रुमाल पडला तो घ्यायला वाकलो. चावली. चोच म्हणतात, पण हा चावाच. अंगठ्याचं मूळ फुटलं. वसंता आणि सौ. दोघं दारात उभी राहून हसली. सौ. हसताना तोंडावर पदर धरते. कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. पाहायला मिळालं ते माझ्या रक्तावर.

कचेरीत सोनवणेने विचारलं, बोटाला काय झालं? सुपारी कातरताना, म्हणालो.

१४ जाने., संक्रांत

वसंताने तिळगूळ दिला. हात लांब करून, दुरूनच. "गोड बोला, भाऊजी." मी म्हटलं, आधी नोकरी बघ, मग बोलतो. सौ. आत निघून गेली. भांड्यांचा आवाज.

लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला माझंच पटेल. याची आई गेली तेव्हा हा पाळण्यात होता. सौ.ने वाढवला. लग्न ठरताना तिच्याकडून एकच अट आली होती, वसंता अधूनमधून येऊन राहील. 'अधूनमधून'चा अर्थ तेव्हाच ठरवून घ्यायला हवा होता. मॅट्रिक तीनदा बसला. गिरणीत लागला, मुकादमाशी भांडला, सुटला. शिरपूरच्या मामांकडे राहिला, त्यांच्याशी भांडला. माझ्याशी भांडत नाही. माझ्याशी हसतो. आमचा प्रभाकर नाशिकला बोर्डिंगात आहे, पोटचा मुलगा, तोसुद्धा सुट्टीत आठ दिवसांच्या वर राहत नाही.

१६ जाने.

संध्याकाळी घरी आलो तर वसंता कंदिलापुढे बसलेला. कागदाची नळी केलेली, तिच्या टोकाला अंडं धरून उजेडात बघत होता. जीव धरला की आत लाल शिरा दिसतात म्हणे. सौ. शेजारी गुडघे टेकून. "बघा ना, अहो, खरंच दिसतंय." मी नळीकडे पाहिलं. माझ्या बारनिशीतला, आवक-जावक नोंदीचा कागद, परवा घरी आणलेला, शिक्क्यासकट.

दोन अंडी पोकळ निघाली. ती बाजूला काढली.

कागद इस्त्रीने सरळ करून पाहिला. होत नाही.

१७ जाने., रवि.

आज झालं.

जेवताना वसंता बोलत होता. ही पिल्लं मोठी करायची, त्यांच्या अंड्यांवर पुन्हा खुडूक बसवायच्या, वर्ष-दोन वर्षांत शंभर पक्षी. वांग्याचं भरीत चांगलं झालं होतं, त्यात लक्ष ठेवलं. मग म्हणाला, "परसातलं लिंबाचं झाड काढलं तर तिथे जाळी मस्त बसेल."

ते लिंब मी लावलेलं आहे. कचेरीतून आल्यावर हातपाय धुतो ते पाणीसुद्धा मी त्यालाच घालतो.

म्हणालो, "या घरात दोन खुडूक बसल्या आहेत. खोलीतली निदान तीन आठवड्यांनी उठेल."

त्याचा हात तोंडापाशी गेला होता. घास परत ताटात ठेवला. सौ.कडे बघून म्हणाला, "अक्का, भाकरी चांगली झालीय." हात धुतला. पिशवी घेतली आणि गेला. दार नीट लावून गेला. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

सौ.ने त्याच्या ताटावर दुसरं ताट झाकलं. तिचं स्वतःचं जेवण तसंच राहिलं. मी जेवलो. भूक होती.

१८ जाने.

ताट अजून झाकलेलंच. दिवसभर कोणी हलवलं नाही. संध्याकाळी मीच उचलून गाईला घातलं. सौ.ने बघितलं.

१९ जाने.

अबोला. चहा मिळतो, जेवण मिळतं, शब्द नाही. कोंबडीशी मात्र बोलते. "उठ बाई, खा थोडं. तुला कोणी काही बोललं का?" मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

२० जाने., बुध.

सौ. गेली.

सकाळी लुगडी बांधताना बोलली. रागावली की तिच्या तोंडात माहेरची बोली येते. "तुमले काय वाटनं, तो तुमनं खाई राह्यना व्हता? तो मना वाटानं खाई राह्यना व्हता." तिच्या वाट्याचं. गेले दोन महिने ती रात्री एकच भाकरी घेत होती. मला वाटलं, पोट बिघडलंय.

मी म्हटलं, सांगायचं होतंस. म्हणाली, "दिसत नव्हतं?"

मग शुद्ध बोलीत, म्हणजे जास्तच रागात: "शिरपूरला मामांकडे जाते. तो तिथे नसेल तर असेल तिथे शोधीन. त्याला घेऊनच येईन. तो नाही आला तर मीही नाही."

दारातून परत वळली. मला वाटलं काही सांगेल. सांगितलं ते कोंबडीचं. दिवसातून एकदा उठते, तेव्हा कण्या आणि पाणी. उठली की खोलीचं दार लावून घ्यायचं. अंड्यांना हात लावायचा नाही. "आणि माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका."

सोडायला मोटारस्टँडवर गेलो नाही. तिने म्हटलंही नव्हतं.

२१ जाने.

ठरवलं. ज्याची चीज त्याच्या घरी. कचेरीला जाण्याआधी धुरपतबाईकडे गेलो, म्हटलं कोंबडी घेऊन जा.

ती गवारीच्या जुड्या बांधत होती. वर न बघताच म्हणाली, "आते उठाडी तं बठ्ठा अंडा थंडा पडतीन. अर्धा मना शेतस त्यास्मा."

मी म्हटलं, अर्धी तुमची आहेत तर मग तुमच्या घरी नेऊन बसवा.

"जागा बदली का ती बसत नही नाना. आनि तुम्ही माले नका शिकाडू. पोर्‍याले हाकली दिधं, बायको चालनी गई, आते कोंबडी उरनी ती बी हाकला."

गल्लीत दोन बायका पाणी भरत होत्या. दोघींनी हंडे खाली ठेवले, ऐकायला.

परत आलो. कोंबडी डालग्यातून बघत होती. एकाच डोळ्याने बघते, मान वाकडी करून, आमचे अव्वल कारकून बघतात तशी.

२२ जाने.

उठण्याची तिची वेळ आणि माझी कचेरीची वेळ एक. मी कोट चढवला की ती उठते. आधी नाही, नंतर नाही. मग अंग झाडणार, पंख ताणणार, आणि अशी घाण टाकणार की बाहेरच्या खोलीत बसवत नाही. कण्या खाताना तिची नजर माझ्यावर. मी दाराशी उभा, हातात खराटा. घाण भरायची, पाणी बदलायचं, ती परत बसेपर्यंत थांबायचं. बसते तीही सावकाश, एकेक अंडं चोचीने आत ओढत, जणू जगात दुसरं काम नाही.

कचेरीत उशीर. अव्वल कारकून म्हणाले, "घरी काही अडचण?" म्हटलं, पाहुणे आहेत.

२३ जाने.

खानावळीचं जेवण. डाळीत तेल, तेलात डाळ.

२४ जाने., रवि.

तिने छातीची पिसं उपटून अंड्यांखाली घातली आहेत. छाती उघडी पडली आहे, लाल. पिसवाही झाल्या असाव्यात, माझ्या पायांना खाज. चुलीतली राख आणून डालग्याभोवती टाकली. हाताला पुन्हा चोच. तिच्यासाठी करतोय हे तिला कळत नाही, आणि कळलं तरी ती चोच मारेल.

शिरपूरकडून काही कळलं नाही. पत्र पाठवायला ती काही परदेशी गेलेली नाही, यायला एक मोटार. पण मी पहिला लिहिणार नाही.

२६ जाने.

सुट्टी. झेंडावंदन झालं, पेढा मिळाला. घरी येऊन काय करायचं, झोपलो. उठलो तेव्हा दिवस मावळत होता. माणसाच्या आवाजाची इतकी सवय असते हे ठाऊक नव्हतं. स्वतःशीच म्हटलं, चहा कर. केला. वाईट झाला.

धुरपतबाई संध्याकाळी "तपासणीला" येऊन गेली. डालग्यात हात घातला, तिला चोच नाही. माझ्या स्वयंपाकघरात डोकावून गेली. उद्या गल्लीला कळेल किती खरकटी भांडी पडली आहेत.

२७ जाने.

सोनवणे कचेरीत सगळ्यांसमोर: "अहो, तुमचा मेहुणा काल नरडाण्याला दिसला. स्टेशनवर कापसाच्या गाठी उचलत होता. मी म्हटलं नसेल, पण तोच."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं. सगळे एकदम आपापल्या कागदांत शिरले.

म्हणजे शिरपूरला नाहीच. नरडाण्याला, हमाल. बारनिशी कारकुनाचा मेहुणा. हे त्याने मुद्दाम केलं. धुळे-शिरपूर मोटार तिथे थांबते, ओळखीचा माणूस दर मोटारीला उतरतो. मला खाली बघायला लावायचं तर याहून चांगली जागा नाही.

सौ.ला सापडला असेल एव्हाना. तरी ती आली नाही.

२८ जाने.

आज खोलीतली घाण सहन झाली नाही. कोंबडी बसलेली होती, दार उघडं ठेवून पुढे हजामत करत बसलो. हवा खेळावी म्हणून.

आतून आवाज आला. कोंबडीचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता, किंचाळणंही नाही. धावलो. गल्लीतला पिवळा बोका डालग्यात पुढचे पाय घालून होता आणि ती त्याच्या तोंडावर. चिकटलेली. मी बादली फेकली ती कोणाला लागली कळलं नाही. बोका माझ्या पायांमधून, उघड्या दाराने गेला.

दोन अंडी फुटली. आत पिल्लं होती. पूर्ण. चोच, नखं, ओली पिसं. बघायला नको होतं.

तिचा तुरा फाटला होता, रक्त डोळ्यात. एक पंख लोंबता. मी हळद तेलात कालवून आणली, लावायला गेलो, पुन्हा चोच, त्याच जागी. मग माझ्याकडे पाठ करून राहिलेल्या पाचांवर जाऊन बसली. तशीच रक्ताची. डोळा मिटत नव्हता, उघडत नव्हता.

धुरपतबाई आली, बघितलं. "दार कसाले उघडं ठेवं?" मी म्हटलं, वास येत होता. ती म्हणाली, "वास." एवढंच. फुटलेली दोन्ही पदरात घेऊन गेली, पुरायला असेल. मला एरवी शिव्या देते, आज दिल्या नाहीत.

अर्ध्या हजामतीने कचेरीत गेलो.

२९ जाने.

कोंबडी उठली नाही. कण्या जवळ सरकवल्या, पाणी वाटीत पुढे धरलं. प्याली. हात जवळ होता तरी चोच नाही. त्याचा अर्थ अशक्तपणा आहे, दुसरा काही नाही.

३० जाने.

आज उठली. खाल्लं. चोच मारली. चला.

३१ जाने., रवि.

पहाटे डालग्यातून बारीक चिवचिव. मला वाटलं खिडकीत चिमणी. अंड्याच्या आतून येत होती. कोंबडी खाली मान घालून उत्तर देत होती, इतक्या हलक्या आवाजात की ही तीच घुर्र करणारी बया यावर विश्वास बसेना.

दुपारपर्यंत चार निघाली. पाचव्याला भोक पडलं होतं, चोच दिसत होती, मग हालचाल थांबली. संध्याकाळी धुरपतबाई म्हणाली, गेलं.

चारही पिवळी धमक. कोंबडी काळी-तांबडी, तिला काही वाटलेलं दिसत नाही.

धुरपतबाई पिल्लं पदरात घेऊन मोजत बसली. "दोन मना, दोन पोर्‍याना." मी म्हटलं, बोक्याच्या वेळी कोण होतं, घाण कोण भरत होतं, कण्या कोणी घातल्या? तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे तुमले बी वाटा पायजे?" मी म्हटलं, वाटा नको, हिशेब सांगतो. "मंग ऐकाडू नका."

पंधरा दिवसांत हे माझं सर्वांत मोठं संभाषण.

२ फेब्रुवारी, मंगळ.

सौ. आली.

कचेरीतून परतलो तर ओसरीवर बसलेली. आत गेली नव्हती. स्वतःच्या घरात. वाळली आहे. मी म्हटलं, आलीस. म्हणाली, "न्यायला आले."

वसंता तिला नरडाण्यालाच सापडला. स्टेशनामागे खोली घेतली आहे, तीही तिथेच राहते, त्याला भाकरी करून घालते. इथे यायला तो तयार नाही. तिने विचारलंसुद्धा नाही म्हणे दुसऱ्यांदा. पिल्लं आणि कोंबडी घेऊन ती संध्याकाळच्या मोटारीने परत जाणार होती.

मी म्हटलं, पिल्लं कुठेही जाणार नाहीत.

"अंडी त्याची होती."

"आणि कोण सांभाळत होतं? तो गाठी उचलत होता, तू भाकऱ्या थापत होतीस. इथे मी होतो."

"नऊपैकी चार," ती म्हणाली. "कळलं मला. धुरपतबाईने सांगितलं, दार कोणी उघडं ठेवलं ते."

तेवढ्यात धुरपतबाई आलीच, बोलावल्यासारखी, आणि कोंबडी-पिल्लं आतून ओसरीवर आणून सोडली. कोंबडी न्यायची म्हटल्यावर कमरेला हात. "कोंबडी मनी शे. मी नही धाडस. आनि पिल्ला मायबिगर कशा जगतीन? थंडी दखा." सौ. म्हणाली, मग आमची दोन तरी द्या. "दोन तोडी लयी तं चारी मरतीन." दोघींची जुंपली. मी मध्ये बोललो तर दोघी एकदम माझ्यावर.

भांडणात मी म्हणालो, "कोंबडी न्यायची तर ने. तू राहा."

असं म्हणायचं ठरवलं नव्हतं. धुरपतबाई उगाच पिल्लांकडे बघायला लागली.

सौ.ने पिशवीचं तोंड आवळलं. मग म्हणाली, "सतरा तारखेला त्याला हेच म्हणाला असता तर." पुढचं वाक्य पुरं केलं नाही. पिशवी उचलली. पिल्लं जरा मोठी झाली, आईवाचून राहायला लागली, की नेईन म्हणाली. तोवर सांभाळा.

स्वयंपाकघरात न जाताच गेली. मी भांडी घासून ठेवली होती.

३ फेब्रु.

पिल्लं आता खोलीभर. माझ्या अंथरुणावर. ओसरीवर माझ्या बुटात एक झोपलं होतं, घालताना कळलं, थोडक्यात वाचलं.

५ फेब्रु.

घारीने एक नेलं.

सकाळी ऊन खायला परसात सोडली होती. मी तिथेच, लिंबाखाली, दोन हातांवर. सावली पडली एवढं कळलं. कोंबडी फाटक्या पंखाने उडाली, तीन हात तरी वर गेली असेल. घार लिंबाच्या शेंड्यावरून निघून गेली. नंतर कोंबडी सगळ्या परसात हाका मारत फिरली. उरलेली तीन तिच्यामागे पळत होती तरी हाका मारत होती.

गेलेलं पिल्लू कोणाच्या वाट्याचं, यावर धुरपतबाई वाद घालेल असं वाटलं. घातला नाही. म्हणाली, "पोरीले कळाडा. आयकीसन येईन तं येईन." पोरी म्हणजे सौ.

कळवायचं म्हणजे जायचं.

७ फेब्रु., रवि.

सकाळच्या मोटारीने नरडाण्याला जाऊन आलो. पिल्लं धुरपतबाईकडे सोपवून.

स्टेशनात मालधक्क्यावर कापसाच्या गाठी रचत होते. वसंता लांबूनच ओळखू आला. पाठीला तागाचं गोणपाट बांधलेलं, खांद्याची कातडी सोललेली. मला बघितलं, गाठ खाली ठेवली नाही, नेऊन लावली, मग आला. हसला नाही. मी इतके महिने त्याच्या हसण्यावर चिडत होतो, आणि आता ते नव्हतं.

"कशाला आलात?"

म्हटलं, चार निघाली होती. एक घारीने नेलं.

"कुठलं?"

मला कळलं नाही. "कुठलं म्हणजे?"

"थोरलं की बारकं? अक्का म्हणाली, एक बारकं आहे, मागे राहतं."

मला सांगता येईना. चार होती, तीन राहिली, एवढंच ठाऊक. तो म्हणाला, "तुम्ही बघतच नाही, भाऊजी. घरात असून बघत नाही." मुकादमाने हाक मारली, तो गेला. जाताना बोट दाखवलं, खोली तिकडे आहे.

खोली म्हणजे पत्र्याचा आडोसा. तीन दगडांची चूल. सौ. भाकरी थापत होती. मी उंबऱ्यापाशी बसलो. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. दुपारी वसंता आला, तिने आधी त्याला वाढलं, मग मला. तिघं जेवलो. मोटारीत सगळा वेळ मी शब्द जुळवत आलो होतो, दोघं घरी चला, झालं गेलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "आमटीत मीठ कमी आहे."

सौ.ने मिठाचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. जोरात.

वसंता खाली बघून जेवत होता. त्याने दुसरी भाकरी घेतली, मोडली आणि अर्धी तिच्या ताटात टाकली. तिने परत त्याच्या ताटात टाकली. त्याने पुन्हा तिच्या. मी बघितलं. या वेळी बघितलं.

निघताना म्हटलं, "वसंता, मी जेवताना जे बोललो ते बोलायला नको होतं."

"बोललात ना पण," तो म्हणाला. वाईट नाही, चांगलंही नाही, साधं. आणि पाण्याचा तांब्या घेऊन कामावर गेला.

सौ. रस्त्यापर्यंत आली. मला सोडायला नाही, विहिरीची वाट तिकडूनच जाते. हंडा कमरेवर. मोटारीची धूळ दिसायला लागली तेव्हा म्हणाली, "मंगळवारी धुळ्याला बाजाराला यावं लागेल मला. तवा घ्यायचाय."

"ये."

"बाजाराला."

"बाजाराला म्हणूनच म्हणतोय."

"मोठ्याने कशाला बोलता?"

मी मोठ्याने बोललो नव्हतो. मोटार आली. मागच्या बाकावर बसलो, काचेला धूळ, ती विहिरीकडे गेली की उभी होती ते दिसलं नाही.

८ फेब्रु., सोम.

गेलं ते बारकं नव्हे. बारकं आहे. आज सकाळी बघत बसलो होतो, त्याच्या डाव्या डोळ्यापाशी राखी ठिपका आहे, आणि ते मागे राहतं हे खरं. कोंबडी थांबते त्याच्यासाठी. मी जवळ बसलो तर तिने चोच मारली, पण मी हात काढून घेतला नाही आणि तीही पुन्हा मारायला आली नाही.

कचेरीत उशीर. अव्वल कारकुनांनी विचारलं नाही. सोनवणेने विचारलं, नरडाण्याला दिसलात म्हणे? म्हटलं, हो. मेहुण्याकडे गेलो होतो जेवायला.

उद्या मंगळवार. रजा घ्यावी का? घेतली तर ती येईल तेव्हा मी ओसरीवर बसलेला असेन, आणि तिला वाटेल वाट बघत होतो. नाही घेतली तर ती येईल, धुरपतबाईशी बोलेल, पिल्लं बघेल, तवा घेईल आणि जाईल, आणि संध्याकाळी धुरपतबाई मला सगळं सांगेल, तिखटमीठ लावून. किंवा ती घराकडे येणारच नाही. बाजार काय, खालच्या अंगाला आहे, या गल्लीत यायलाच हवं असं नाही.

अर्ज लिहायला घेतला. कारणापुढे 'प्रकृती अस्वस्थ' लिहिलं, खोडलं. 'घरगुती काम' लिहिलं, खोडलं. कागद वाया गेला. दुसरा घेतला आहे. सकाळपर्यंत कारण सुचलं तर रजा, नाहीतर कचेरी.